आप्पांची टकळी

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझ्यावर आधीच चिडून बसलाय. मी नवी नवरी, बार्शीहून सोलापुरात आलेली. हे मिलच्या कचेरीत कारकून होते आणि मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. टांग्यातून ट्रंक उतरवून घेत होतो, आणि समोर कट्ट्यावर एक उंच, पुढं वाकलेला म्हातारा बसलेला. डोळे थेट माझ्यावर. पापणी लवेना की ओठ हलेना. मी पदर सावरून वाकून नमस्कार केला, तरी चेहऱ्यावरची एक रेघ इकडची तिकडं झाली नाही.

खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या मी ह्यांना म्हटलं, "दगडाला नमस्कार केला असता तर बरं झालं असतं. देव तरी पावला असता."

"अगं हळू! घर त्यांचं आहे."

"घर त्यांचं आहे म्हणून माणसानं हसूच नये की काय?"

माझं हे असं. मनात आलं की तोंडातून बाहेर. हे नेहमी म्हणायचे, तुझ्या पोटात पाणी राहत नाही, गुपित काय राहणार! आणि नेमकं माझ्याच पोटात आप्पांचं गुपित राहिलं. अजून राहिलंय म्हणा ना, आज पहिल्यांदा सांगतेय. ज्यांच्यासाठी ते राखायचं होतं ती माणसं आता राहिली नाहीत, आणि परवा कुणीतरी बोलता बोलता आप्पांना भित्रा म्हटलं ते ऐकून माझं डोकं फिरलं.

गल्लीतले लहानथोर त्यांना आप्पाच म्हणायचे. जातीनं लिंगायत, घरात कानडी, बाजारात मराठी, आणि पलीकडच्या मागवाल्यांशी मोडकंतोडकं तेलुगू. बायको लवकर गेलेली. मागं एकच मुलगी, गिरिजा; ती कानडी वळणानं 'अप्पा' म्हणायची. चाटी गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. लुगड्याचा पदर अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून नुसता चोळला की डोळे मिटून सांगायचे, माल कुठल्या मागावरचा आणि पहिल्या धुण्याला काय होणार. असा चालता धंदा एक दिवस त्यांनी पुतण्याच्या हवाली केला. का, तर म्हणे कंटाळा आला. व्यापाऱ्याला दुकानाचा कंटाळा आला असं मी तरी जन्मात ऐकलं नाही, पण गल्लीनं ऐकून घेतलं.

गल्ली त्यांचं सगळंच ऐकून घ्यायची आणि त्याला आपापला अर्थ लावायची. आप्पा इतकं हळू बोलायचे की समोरच्याला कान तोंडापाशी न्यावा लागे. लोक म्हणत, मोठा धोरणी माणूस, शब्द वाया घालवत नाही. उंबऱ्याशी आले की तिथंच उभे राहायचे, बराच वेळ, पाय जमिनीला डकवल्यासारखे. लोक म्हणत, शिवाचं नाव घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत. हसायचे नाहीत, त्याचाही अर्थ तयारच होता: बायको गेली त्या दिवसापासून हसले नाहीत.

मला मात्र एका गोष्टीची भीती बसली होती. गिरिजा रोज सकाळी उंबऱ्यापासून आप्पांच्या बाजेपर्यंत जमिनीवर रांगोळीचे आडवे पट्टे ओढायची. स्वस्तिक नाही, कमळ नाही, नुसते आडवे पट्टे, पावलापावलावर एक. आणि आप्पा एकेका पट्ट्यावरून पाय उचलून टाकत, नाला ओलांडल्यासारखे, बाजेपर्यंत जायचे. हे मी पाहिलं आणि दारातूनच परत फिरले. करणी! दुसरं काय असणार? मी लगेच आमच्या दारावर लिंबू-मिरची बांधली.

गिरिजा ते पाहून इतकी हसली की तिला ठसका लागला. "वहिनी, सरबत तरी करायचं होतं की त्याचं," म्हणाली. पण पट्टे कशाला ओढतेस ते काही तिनं सांगितलं नाही.

त्या वर्षी, तीस साली, सोलापुरात पोरासोरांच्या हातात सूत कातायच्या टकळ्या आल्या होत्या. पहाटे प्रभातफेऱ्या निघत, पांढऱ्या टोप्या, झेंडे, गाणी. गिरिजा एका फेरीतून टकळी घेऊन आली. पितळेची चकती, पोलादाची काडी. थोड्याच दिवसांत ती टकळी आप्पांच्या हातात दिसायला लागली आणि मग तिनं तो हात सोडलाच नाही. कट्ट्यावर बसले की टकळी, पानावर बसले तरी भाकरी वाढेपर्यंत टकळी. कापसाचा पेळू डाव्या हातात, टकळी उजव्यात.

झालं! गल्लीनं नवा अर्थ लावला. आप्पा देशभक्त! आमच्या गल्लीतल्या फेरीचा म्होरक्या एक तरणाबांड पोरगा होता, मिलमधली नोकरी सोडून चळवळीत पडलेला. तो आप्पांच्या पायाच पडला. "आप्पा, आमच्या सभेला अध्यक्ष तुमीच पाहिजे." आप्पांनी त्याच्याकडं तसंच दगडासारखं पाहिलं. तो बाहेर येऊन मित्रांना सांगू लागला, "काय निर्धार हाय बघा चेहऱ्यावर!"

मला एकच गोष्ट खटकत होती. आप्पांचं सूत! कुठं दोरीएवढं जाड, कुठं केसाएवढं बारीक, मध्येच गाठी. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या सुताला नावं ठेवली, त्याला स्वतःचं सूत दिसत नव्हतं? मी एकदा तोंडावर म्हटलंसुद्धा, "आप्पा, तुमच्या दुकानात असलं सूत कुणी आणलं असतं तर तुम्ही हाकललं असतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग काहीतरी पुटपुटले. मी कान पुढं केला.

"पायरीवरनंच हाकललं असतं," म्हणाले आणि टकळी फिरवत राहिले.

एके दुपारी मी शेंगाची चटणी कुटली होती, ती वाटीभर घेऊन त्यांच्याकडं गेले. गिरिजा विहिरीवर गेलेली. आप्पा बाजेवर झोपले होते. उजवा हात छातीवर, मोकळा, गप पडलेला. टकळी उशाशी. का कोण जाणे, मला ते दृश्य विचित्र वाटलं. मग लक्षात आलं की हा हात नुसता ठेवलेला मी कधी पाहिलाच नव्हता.

माझ्या बांगड्या वाजल्या आणि ते जागे झाले. डोळे उघडायच्या आत हात जागा झाला. आधी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर चोळली जाऊ लागली, अगदी कापड चाचपल्यासारखी, पण कापड नव्हतंच. मग मनगट हलायला लागलं. हळूहळू अख्खा हात छातीवर फडफडू लागला. आप्पांनी डाव्या हातानं तो दाबून धरला, तर खांदा हलायला लागला. त्यांनी घाईनं उशाशी चाचपून टकळी उचलली, फिरवली, आणि हात गप झाला.

मी वाटी खाली ठेवली.

"बस तंगी," आप्पा म्हणाले. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. मला त्यांनी तशी हाक मारली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

कान त्यांच्या तोंडापाशी नेऊन मी सगळं ऐकलं. मिरजेला जाऊन त्यांनी एका मोठ्या डॉक्टरला हात दाखवला होता. "डॉक्टर म्हणाला, हाताला कायबी झालेलं न्हाय. डोक्यात, लई आत, एक बारीकशी जागा हाय. तितनं अंगाला हुकूम सुटतो. ती जागा झिजाया लागली. म्हणून मी सांगतो ते पाय ऐकत न्हाईत, आणि न सांगितलेलं हात करतो. उंबऱ्याशी आलं की पाय खिळतात. खाली पट्टा दिसला की उचलतात. का, ते डॉक्टरला बी ठाऊक न्हाय. हात मोकळा सोडला की नाचतो, कामाला लावला की गप. कुणी बघतंय म्हटलं की जास्तच नाचतो. झोपेत तेवढा सोडतो मला."

वैद्य त्याला कंपवात म्हणत होता. डॉक्टरच्या थेंबांनी जीभ कोरडी पडायची, वैद्याच्या खाजकुइलीच्या पुडीनं काही दिवस जरा हलकं वाटायचं, एवढंच. बरा होणारा रोग नाही, असं दोघांनीही सांगून टाकलं होतं.

"आणि तोंड?" मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही ते असं.

"तोंडाचं बी तेच. आत हसतो मी, तंगी. भाईर येत न्हाय. तू टांग्यातनं उतरून नमस्कार केलास, तवा हसलो होतो की."

मला तिथंच रडू फुटलं.

"गिरिजाचं लग्न होईतो कुणाला कळू द्यायचं न्हाय," आप्पा म्हणाले. "अक्कलकोटचं स्थळ हाय. बापाचा रोग पोरीत उतरतो म्हणतात, पोरीतनं नातवात. कळलं की संपलं. ह्या गावात काय अन् त्या गावात काय, मग तिला कोण करून न्हेणार?"

अक्कलकोटची मंडळी थंडीत मुलगी बघून गेली होती. तेव्हा आप्पांनी शाल पांघरून निभावलं. व्याह्यांनी घराण्यात कोड, फेफरं, वात काही आहे का म्हणून विचारलंही होतं, आणि आप्पांनी शालीच्या आत हात दाबून धरत मान हलवली होती, नाही म्हणून. आता साखरपुडा उन्हाळ्यात ठरला. एकदा ताट बदललं, शब्द पडला, की मागं फिरणारी ती माणसं नव्हती. तोवर जपायचं होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, चौक्या जळल्या, लष्करी कायदा आला. रस्त्यावर गोरे सोजीर बंदुका घेऊन फिरायला लागले. डोक्यावर पांढरी टोपी दिसली की काठीनं उडवायचे, झेंडा दिसला की माणूस आत. आमच्या गल्लीचा म्होरक्या कुठं गडप झाला कुणाला कळेना. भर दुपारी रस्ते ओस पडत आणि दारामागून माणसं फटीतून बघत.

मी आप्पांना म्हटलं, "साखरपुडा पुढं ढकला."

"ढकलला तर ते इचारतील का. आणि आषाढ लागला की मुहूर्त न्हाईत. तोवर दुसरा हात बी सुरू झाला तर? डॉक्टर म्हणालाय, होणार."

"मग निदान टकळी तरी आत ठेवा. व्याही संस्थानाला धान्य पुरवतात, सरकारच्या सावलीला घाबरतात. त्यांना वाटेल तुम्ही चळवळीतले."

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आम्ही तालीम केली. गिरिजा कमरेवर हात ठेवून व्याही बनून बसली. आप्पांनी रुद्राक्षाची माळ धरून पाहिली, तर माळच नाचायला लागली. हात मांडीखाली घेऊन बसले, तर मांडी हलायला लागली. अडकित्ता आणि सुपारी दिली, तर दोन सुपाऱ्यांच्या मध्ये हात मोकळा सुटून नाचला आणि बोटाला कापून घेतलं. दर वेळी गिरिजा मान हलवायची, "दिसतंय अप्पा, दिसतंय." शेवटी टकळी घेतली. ती निमूट गरगरत राहिली आणि हात नुसता कामसू दिसला.

"काँग्रेसवाला म्हणाले तर उत्तर देता येतं," आप्पा म्हणाले. "रोगी म्हणाले तर उत्तर न्हाय."

साखरपुड्याच्या सकाळी गिरिजानं जमिनीवरचे पट्टे पुसून टाकले. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगणार? पट्टे नाहीत म्हणजे आप्पांना चालता येणार नाही. म्हणून पाहुणे यायच्या आधीच आम्ही त्यांना धरून बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, भिंतीला टेकून बसवलं. हातात टकळी. उकाडा असा की भिंतींतून वाफा निघत होत्या, दार लावून बसणं शक्यच नव्हतं.

व्याही आणि नवरा मुलगा, दोघंच आले. बायकांना असल्या दिवसांत कुठं आणणार? व्याही जाडजूड, अंगात कोट, रुमालानं सारखा घाम टिपणारे. मुलगा मान खाली घालून बसलेला. मी आणि गिरिजा आतल्या दाराआड उभ्या. तिचा हात माझ्या हातात होता.

"आप्पा," व्याही बसतात न बसतात तोच म्हणाले, "ते जरा खाली ठेवा की."

आप्पा काहीतरी म्हणाले. व्याही पुढं वाकले. "आँ?"

"हातचं काम हाय. सोडवत न्हाय."

"सोडवत न्हाय म्हंजे? स्टेशनापास्नं हितवर दोनदा आमची गाठोडी उचकटली शिपायांनी. आणि तुमी दार उघडं टाकून टकळी फिरवताय?" व्याह्यांचा आवाज खाली आला. "मला आदी सांगाया पायजे होतं, आप्पा. तुमी त्यातले हाय, हे मला ठाऊक नव्हतं. आमचं पोट संस्थानावर हाय."

आप्पांचा चेहरा जिथल्या तिथं. व्याह्यांना तो हट्ट वाटला. साखरेची पुडी आणि नारळ ठेवलेलं ताट त्यांनी बोटांनी बाजूला सारलं. "ती टकळी ठेवा, मग ताट पुढं घ्या. न्हाईतर आमी उठतो."

मुलानं वर पाहिलं, बापाकडं, मग आतल्या दाराकडं. गिरिजाची नखं माझ्या तळहातात रुतली. टकळी ठेवली तर हात, नाही ठेवली तर व्याही उठतात.

आणि तेवढ्यात दारात बूट वाजले.

हवालदार आत आला. मागं गल्लीत, भिंतीच्या सावलीला, एक गोरा सोजीर उभा. कायद्यात टकळीचं नाव होतं की नाही देव जाणे, पण हवालदाराच्या मनात होतं. त्यानं आप्पांच्या हाताकडं पाहिलं आणि काठी सतरंजीवर आपटली.

"वा रे गांधी! दार उघडं टाकून? ऊठ. चल चौकीवर."

आप्पा उठले नाहीत. उठणार कसे? त्यांनी नुसतं हवालदाराकडं पाहिलं, तेच डोळे, तीच न लवणारी पापणी. टकळी फिरत राहिली.

"डोळे वटारतोस? मला?"

व्याही झटकन उभे राहिले. "साहेब, आमी पावणे. आमचा काय संबंध न्हाय. हे आत्ता निघालोच." आणि मुलाच्या दंडाला धरून त्याला उठवायला लागले.

माझ्या हातातून गिरिजाचा हात सुटला कधी, मला कळलंच नाही. ती बाहेर गेली होती, सगळ्या पुरुषांसमोर, साखरपुड्याच्या लुगड्यात. "टकळी माझी हाय," ती म्हणाली. "मीच आणलीया, फेरीतनं. अप्पांना न्हेऊ नका."

"बरं झालं सांगितलंस," हवालदार म्हणाला. "मग तू चल."

आप्पांच्या हातून टकळी सुटली. पितळेची चकती घरंगळत भिंतीपर्यंत गेली. आणि मग तो हात सुरू झाला. बोटं, मनगट, कोपर. इतका मी कधी पाहिला नव्हता. भिंतीचा आधार घेऊन ते कसेबसे उभे राहिले, गिरिजाकडं जायला निघाले, आणि पाय खिळले. एक पाऊल पुढं पडेना. नुसते उभे, नखशिखांत थरथरत, आणि चेहरा मात्र दगडाचा. व्याही त्या हाताकडं बघत होते. मुलगा बघत होता. मला वाटलं, संपलं. लपवून काही उपयोग नाही, निदान पोरीला तरी सोडतील, म्हणून मी दार ढकललं आणि तोंड उघडलं, "अहो, त्यांना—"

आप्पांचे डोळे माझ्याकडं वळले. मी तोंड मिटलं.

"भ्यालो!" ते म्हणाले.

त्या माणसाच्या छातीत एवढा आवाज होता हे मला माहीत नव्हतं. सगळा श्वास गोळा करून त्यांनी तो बाहेर काढला, गल्लीच्या पार टोकाला ऐकू जाईल असा. "साहेब, मी भ्यालो! पोरीचं त्यात काय न्हाय. टकळी माझीच. पुन्हा हात लावणार न्हाय. माफी द्या!"

हवालदारानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. त्यानं दारातून त्या गोऱ्याला बोलावलं. "देखो साब! गांधीका सिपाही!" दोघं दारात उभे राहून हसले. हवालदारानं टकळीवर बूट दाबला, काडी वाकली. "घरात बस, म्हाताऱ्या. बांगड्या भर," म्हणाला आणि निघून गेला.

आप्पा तसेच उभे, हात तसाच. व्याह्यांनी कपाळाचा घाम पुसला. मग पुढं झाले आणि आप्पांना दोन्ही दंडांना धरून हळूच खाली बसवलं.

"बसा आप्पा, बसा. पाणी आणा की कुणीतरी! मी भलताच अर्थ घेतला. मला वाटलं तुमी त्यातले. ते नुसतं लोकांचं बघून धरलं व्हतं व्हय?" आणि मग हळू आवाजात, "माझे बी पाय लटपटत होते की. तुमाला खोटं कशाला सांगू? भिणारा माणूस घर संभाळून ऱ्हातो. घ्या, ते ताट घ्या पुढं."

ताट बदललं. साखर तोंडात पडली. शब्द पडला. मी आत जाऊन पदराचा बोळा तोंडात कोंबला. हसू येत होतं की रडू, मलाच कळत नव्हतं.

गल्लीनं दारांच्या फटींतून सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं. दिवस मावळायच्या आत मंगळवार पेठभर झालं: आप्पा हवालदाराच्या पाया पडला, लेकरासारखा कापला, टकळी टाकली. ज्यांना ते सभेला अध्यक्ष हवे होते त्यांनीच त्यांचं नाव 'थरथऱ्या' ठेवलं. पोरं कट्ट्यासमोरून जाताना मुद्दाम हात हलवत जायची. लष्करी कायदा उठल्यावर म्होरक्या परत आला, त्यानं हकिगत ऐकली आणि आप्पांच्या पायरीवर थुंकून गेला.

आणि आप्पा? ते रोज कट्ट्यावर येऊन बसायला लागले, रिकाम्या हातानं. हात मांडीवर, उघडा, खुशाल नाचत.

"आता लपवायचं काम न्हाय, तंगी," म्हणाले. "सगळ्यांना कारण ठाऊक हाय."

खरंच होतं ते. अक्कलकोटलासुद्धा तेच ठाऊक होतं: बिचाऱ्या म्हाताऱ्याला हवालदाराच्या धाकानं कापरं भरलं, ते काही गेलं नाही. धाकाचं कापरं पोरीत उतरत नसतं. पण माझा जीव जळायचा. मी म्हणायची, "आप्पा, मी सांगते एकेकाला बोलावून! एवढं मोठं धैर्य केलं आणि वर थुंकी झेलायची?"

"लगीन होऊ दे."

"आणि मग?"

"मग नांदू दे तिला."

"मग तरी?"

"नातवंडं होऊ देत. त्यांची लग्नं होऊ देत." मला कळून चुकलं की ह्याला शेवट नाही.

एक दिवस सकाळी कट्ट्यावर एक पुडकं सापडलं. गिरिजानं उघडलं, आत हिरव्या काचेच्या बांगड्या. कुणी ठेवल्या ते सांगायला नको. पुरुषाच्या दारात बांगड्या ठेवल्या की त्याचा अर्थ एकच. मी केरसुणी घेऊन निघाले, म्हटलं त्या म्होरक्याला गाठते आणि भर चौकात ह्या त्याच्या नाकावर फोडते.

"थांब तंगी. बघू हिकडं." आप्पांनी एक बांगडी घेतली. ती त्यांच्या बोटांत थरथर वाजत होती. डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी ती उन्हात धरली, लुगडं पारखायचे तशी. "काच चांगली हाय. सांधा बी नीट बसलाय. हलका माल दिलेला न्हाय पोरानं." मग गिरिजाच्या मनगटाकडं पाहिलं. "मापाच्या बी हाईत. लग्नात घाल."

"अप्पा!" गिरिजाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "कशाला ठेवल्यात ते कळतंय न्हवं तुमाला?"

"बांगड्या लेकीच्या हातात घालाया असत्यात," आप्पा म्हणाले. "दुसरं काय असतंय?"

लग्न झालं. चुड्यात त्या हिरव्या बांगड्या होत्या. मी मुद्दाम पुढं पुढं करून सगळ्या गल्लीला दाखवल्या, हो, दाखवल्या! म्होरक्या मांडवाच्या दाराशी आला होता, त्यानं त्या ओळखल्या आणि न जेवता निघून गेला.

निरोपाच्या वेळी गिरिजा आप्पांच्या पाया पडली आणि उठून तिनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. त्याला थांबवायला बघत होती बिचारी. तो कुठला थांबतोय! उलट तिच्याच हातांत शिरला, आणि तिचा अख्खा चुडा किणकिणायला लागला. सगळे त्या आवाजाकडं बघायला लागले. नवऱ्याकडच्या बायका कुजबुजल्या, "बापाच्या डोळ्यात टिपूस न्हाय बघा."

व्याही पुढं झाले. त्यांनी त्या तिन्ही हातांवर आपला जाड तळवा ठेवला. "आप्पा, आता कशाला भिताय? लेक आमची झाली."

"व्हय," आप्पा म्हणाले.

चेहरा तोच, दगडाचा. त्या सगळ्या मांडवात मला एकटीला ठाऊक होतं की आत ते हसताहेत.

गाडी गेली. दुपारी मांडव उतरवायला माणसं आली तेव्हा आप्पा बाजेवर झोपले होते. हात छातीवर, श्वासाबरोबर वरखाली होणारा, पण मोकळा, गप; झोपेत तेवढा सोडायचा त्यांना. खाली जमिनीवर गिरिजानं जाण्याआधी ओढलेले पट्टे होते, ताजे, उंबऱ्यापासून बाजेपर्यंत.

मांडववाला दारातून म्हणाला, "उठवा की त्यांना. बाजेखाली आमचे दोर हाईत."

"हात तर लावून बघ बाजेला," मी म्हटलं आणि उंबऱ्यावर ठाण मांडून बसले.